आईच्या निळ्या मक्याची बरणी

होटेव्हिला, १८ एप्रिल
चि. व्हर्लीनला मामाचे अनेक आशीर्वाद.
माझा गुडघा जागच्या जागी आहे, काळजी नसावी. सलग चौथ्या हिवाळ्यात बर्फ नाही. वाळूत कोपरापर्यंत हात घातला तरी ओल लागत नाही. निळ्या मक्याची ही शेवटची बरणी. आपल्यात बी-रान आईकडून लेकीकडे जातं, म्हणून तुझी आई गेल्यापासून बी तुझं, रान तुझं. मी आपला राबणारा मामा. पेरू का, कळव. रेडिओवरचा हवामानवाला नको म्हणतो. त्याला मी विचारलं नव्हतं.
तुझा, हार्लनमामा

फिनिक्स, २७ एप्रिल
ती. मामास सा. न. वि. वि.
सगळं पेरलंस तर खबरदार! अर्धं मला पाठव, फ्रीजरमध्ये जपते. हे बी संपलं तर आईचं काहीच उरणार नाही रे. ग्रेग ठिबकच्या नळ्या पाठवू का विचारत होता. नवरा असला तरी गप्प बसवलंय.
लोभ आहे तसाच असू दे.
तुझी व्हर्लीन

होटेव्हिला, १४ जुलै
चि. व्हर्लीनला आशीर्वाद.
तुझं अर्धं पोचलंच असेल. माझं हातभर खोल पेरलं. पंचेचाळीस खड्ड्यांतले नऊ उगवले, दोन कावळ्यांनी नेले. उरलेल्या सातांभोवती कॉफीचे डबे लावलेत, वारा वाळू मारतो. रोज सकाळी जाऊन रोपांसाठी गातो. आवाज बसलाय, पण ही पोरं तक्रार करत नाहीत. शेजारी म्हणाला, बादलीभर पाणी घाल. एकदा पाजलं की मुळं वरच बसून वाट बघतात, खाली उतरत नाहीत. शहरात गेलेल्या पोरांसारखी. तुला नाही म्हणालो.
मामा

फिनिक्स, २ ऑगस्ट
ती. मामास सा. न.
कसं लिहू? मी कामावर असताना ग्रेगने फ्रीजरमधल्या बियांचं सूप केलं. त्याला वाटलं, मामाने खाऊ पाठवलाय. दुसरी वाटी घेताना मी विचारलं, आईच्या हातची चव कुठून आणलीस? मग खूप रडले. आता तुझे सात खड्डेच. मला माफ कर.
व्हर्लीन

होटेव्हिला, २९ सप्टेंबर
चि. व्हर्लीनला अनेक आशीर्वाद.
दुसरी वाटी घेतलीस म्हणजे सूप जमलं होतं. ग्रेगला ओरडू नकोस.
चार कणसं आली. वीतभर नाहीत, पण निळी आहेत. पोस्टाने पाठवणार नाही. कणसं दारात आली की घरच्या बाईने ‘आलात, बरं झालं’ म्हणून त्यांना आत घ्यायचं असतं. घरात बाई नाही. म्हणून तीन दिवस ती टोपलीत, उंबऱ्याबाहेर आहेत. शेजारी मीही खुर्ची टाकून बसलोय.
लवकर ये. ग्रेगलाही आण, पण जेवून या.
वाट पाहणारा,
मामा