पिशाच्चाला दूधभात

मंगळवार पेठ, कोल्हापूर

आदरणीय शालूआक्का,

तुमच्या धाकट्या बहिणीचा नवरा अमरसिंह याचा वाकून नमस्कार (कंबर साथ देईल तेवढा वाकून). कागलला सगळी मंडळी बरी असतील. तुमचा गुडघा काय म्हणतोय? इकडं मी खुशाल आहे, म्हणजे भाकरी सोडून सगळं जमतं.

मी कादंबरी लिहितोय हे तुमच्या कानावर आलंच असेल. तीस वर्षं कारखान्याच्या काट्यावर उसाच्या गाड्यांचं वजन केलेल्या माणसाला हे काय सुचलं, असं लोक म्हणतात. म्हणोत की. गोष्ट अशी, हंबीरराव नावाचा शिकारी आहे, तो रक्त पिणाऱ्या पिशाच्चांना काळात मागं जाऊन मारतो. कारखान्याचा भोंगा वाजला की हा डोळे मिटतो आणि उघडतो तेव्हा साल बदललेलं असतं. रंकाळ्यावर धुकं असतं, पाण्यातून एखादी म्हैस सावकाश वर येते, आणि आपण आजच्या सकाळी उभे आहोत की तेव्हाच्या, तेच त्याला कळत नाही. (लिहिताना मलाही कळत नाही. परवा चहा दोन कप केला.)

घोटाळा झाला तिसऱ्या प्रकरणात. हंबीररावानं एक पिशाच्च पकडलं, हात बांधले, पण मारायचा बाभळीचा खुंटा घरी विसरला होता, म्हणून त्याला घेऊनच घरी आला. साल एकोणीसशे नव्वद. दारात त्याची बायको. तिचं नाव मी संयोगिताच ठेवलं (रागावू नका आक्का, तिला जाऊन दोन वर्षं झाली तरी हाताला दुसरं नाव येत नाही). ती म्हणाली, "पावण्याचं हात सोडा आधी, जेवणार कसा?" पिशाच्च लसणानं मरतं, त्यामुळं हंबीरराव मनात खूश, कारण चुलीवर लसूण घातलेला पांढरा रस्सा होता. पण तिनं रीतीप्रमाणं विचारलं, काय चालत न्हाय ते सांगा की. पिशाच्चानं मान खाली घालून लसूण सांगितला. "अगं बाई, मग जगताय कशावर?" म्हणत तिनं दूधभात कालवून दिला. झालं. आपल्या घरात जेवून उठलेल्या पावण्यावर खुंटा कसा उगारायचा? हंबीरराव त्याला कोपऱ्यापर्यंत सोडून आला, वर पुन्हा या म्हणाला.

पुढची सोळा प्रकरणं तो त्या जेवणाआधीची वेळ गाठायला मागं जातोय. पण कुठल्याही सालात उतरला तरी पाय आधी स्वयंपाकघराकडं वळतात. ती भाकरी थापत असते, खिडकीतलं ऊन तिच्या मनगटावर आलेलं असतं, आणि हा पाटावर बसून नुसता बघत राहतो. पिशाच्चही येतं दूधभाताला. पुण्याचे प्रकाशक म्हणतात, ही कादंबरी आहे की खानावळ? पंधरा दिवसांत पिशाच्च मारा, नाहीतर हस्तलिखित परत न्या.

मारवत नाही आक्का, आणि त्याचं कारण फक्त तुम्हाला सांगतो. पिशाच्च ज्याला चावतं ते माणूस मरत नाही, कायमचं राहतं. म्हणून विसाव्या प्रकरणात हंबीररावानं त्याच्यापुढं हात जोडले, म्हणाला, तेवढं हिला चावून जा. पिशाच्च बिचारं खाल्ल्या अन्नाला जागणारं. वहिनींना विचारल्याशिवाय दात लावणार नाही म्हणालं. विचारलं. तिनं एवढंच विचारलं, "मग मला लसूण चालंल?" चालणार नाही म्हटल्यावर ती परत परातीकडं वळली.

ते प्रकरण मी सहा वेळा लिहिलं. एकदा हंबीररावाला रडवलं, एकदा भांडायला लावलं, एकदा तर तिच्या पाया पडायला लावलं. सहाही वेळा ती न्हाय म्हणते. पेन माझं, कागद माझा, पण तिच्या तोंडात व्हय घातलं की ती संयोगिता राहतच नाही, कुणीतरी दुसरीच बाई होते. त्या दुसरीला जगवून मी काय करू? मला तिची फार आठवण येते, आक्का.

बाकी क्षेम. थोरल्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

आपला,
अमरसिंह

ता. क. – प्रकाशकांचा फोन आलाच तर पिशाच्च मेलं म्हणून ठोकून द्या.

आणखी ता. क. – खरं काम राहिलंच. दवाखान्यात यायला संयोगिता तयार नव्हती, मी आठ दिवस विनवत होतो. शेवटी तुम्ही आलात, दार लोटून तिला काहीतरी एकच वाक्य बोललात, आणि ती उठून चपला शोधायला लागली. मी बाहेर होतो, मला ऐकू आलं नाही. ते वाक्य तेवढं लिहून पाठवा. पुढच्या प्रकरणात हंबीररावाच्या बायकोची थोरली बहीण येणार आहे, तिच्या तोंडी घालतो. माझं तिनं कधीच ऐकलं नाही, तुमचं ऐकायची.