आईच्या फोटोची सोळा इंची चौकट

प्रतापनगर, बडोदे
कोजागरीचा दुसरा दिवस

ती. पद्माताई,

धाकट्या दत्तूचा वाकून नमस्कार (कंबर धरल्यामुळे अर्धाच वाकलोय, उरलेला पदरचा घालून घे). तुझे गुडघे काय म्हणतात? तुझी भावजय वसुंधरा रोज विचारते. भाऊजी गेल्यापासून तीन वर्षं तू साताऱ्याचा उंबरा ओलांडला नाहीस, ह्याबद्दल मी चकार शब्द काढणार नाही. पत्राचं कारण वेगळं आहे.

आईच्या फोटोच्या चौकटीला वाळवी लागली. तोच फोटो, ज्यात आई खुर्चीवर आहे आणि मी पळू नये म्हणून तू माझी मानगूट धरून उभी आहेस. नवी चौकट मीच करायची ठरवली (रेल्वेच्या कारखान्यात पस्तीस वर्षं डब्यांच्या खिडक्या केल्या, तिथे आईची एक चौकट काय जड?). नात सानवी नववीत आहे. ती म्हणाली, "आजोबा, सुवर्ण गुणोत्तरात करा, डोळ्यांना बरं दिसतं. एक बाजू सांगा, दुसरी मी काढते." मी उंची सांगितली, दहा इंच. तिने दहाला १.६१८ ने गुणलं. रुंदी सोळा इंच आणि वर चिमूटभर. मग दोन्ही बाजूंच्या बेरजेला मोठ्या बाजूने भागून दाखवलं, तर पुन्हा तेच १.६१८. मला गहिवरूनच आलं. तिने नकाशा काढून दिला, आणि हाती आलेल्या नकाशावर संशय घ्यायचा नाही ही आमची कारखान्याची शिस्त. सागवान कापलं, खिळे ठोकले, पॉलिश केलं. काचवाल्याने विचारलंही, "काका, फोटो क्यां छे?" (कुठे आहे म्हणून). मी म्हटलं, नकाशा आहे ना, फोटो कशाला हवा.

फोटो बारा इंच रुंद निघाला.

सानवी रडवेली झाली. तिला म्हटलं, गणित तुझं चोख आहे, आजोबांनी फोटोलाच विचारलं नाही. वसुंधरा म्हणते चौकट कापा. पण हात धजत नाही. आई एका कडेला सरकून बसल्यासारखी दिसते, आणि शेजारी चार इंच मोकळे. जेवताना माझी नजर तिथेच जाते. ताई, मला तुझी फार आठवण येते.

तुझा,
दत्तू

ता. क. चौकट कापायची नाही, हे घरात ठरलं.

आणखी एक ता. क. त्या जागेत चार इंच रुंद, दहा इंच उंच फोटो बसतो. आपण दोघं चिकटून उभे राहिलो तर मावू. फोटोवाल्याला भाऊबीजेचं सांगून ठेवलंय, तुझा भाचा हेरंब तुला घ्यायला येतोय. मानगूट धरायच्या तयारीने ये. ह्या खेपेला मी पळणार नाही.