अंधारात बसून विचार करणाऱ्या ग्राहकाचा खुलासा

चि. धाकटीस,

काकाचे भरभरून आशीर्वाद.

तू, जावईबापू आणि पिल्लू तिघंही ठणठणीत असाल असं धरून चालतो. पिल्लाला दात आले का? माझं बोट चावलं त्याने गेल्या खेपेला, तेव्हा हिरड्याच होत्या, पण जोर चांगला होता. तुझ्या बाबांचं, म्हणजे आमच्या दादाचं, ब्लड प्रेशर हल्ली किती असतं ते कळव. वरचं आणि खालचं, दोन्ही. वहिनींच्या गुडघ्याला उतार पडला असेल. माझं म्हणशील तर प्रकृती उत्तम आहे. संतापाने माझी भूक वाढते आणि सध्या मी दोन्ही वेळा ताटावर आडवा हात मारतो आहे. पत्र लिहिण्यास कारण की, तुझ्या कंपनीने मला चोर ठरवलं आहे. (फोन केला असता, पण फोनवर तू हसतेस. पत्रात हसलीस तरी मला ऐकू येणार नाही.)

‘तुझ्या कंपनीने’ असं मुद्दाम लिहिलं. पाटीवर राष्ट्रीय वीज कंपनी वगैरे भारदस्त नाव असेल, पण ते स्मार्ट मीटर माझ्या दारावर टांगलं गेलं ते तुझ्यामुळे. काका, तुमचं नाव पहिल्याच यादीत घातलंय, असं तूच मोठ्या कौतुकाने सांगितलं होतंस. मी म्हटलं, पोरगी मोठ्या कचेरीत मीटरच्या योजना आखते, तिचा हिरमोड कशाला करा. विकतचं दुखणं म्हणतात ते हे. जुनं मीटर काय वाईट होतं? त्याच्या पोटात एक चकती बिचारी आपली गरगर फिरायची. महिन्याला एक माणूस यायचा, बॅटरी मारून आकडे टिपायचा, पाणी प्यायचा, चष्म्याचा नंबर वाढलाय का बघा म्हणायचा आणि जायचा. आता कोणी येत नाही. ते नवं यंत्र भिंतीवर बसून लाल डोळा मिचकावतं आणि मी दिवा लावला, पंखा चालवला, इस्त्री तापवली याची चुगली दर पाव तासाने थेट मुख्य कचेरीत करतं. पहिले काही दिवस तर मी त्याच्यासमोरून जाताना शर्टाची बटणं लावून जात होतो.

बरं, हेही सोसलं. पुढचं ऐक. तुमचे अध्यक्ष टीव्हीवर आले होते ते तू पाहिलं असशीलच. कोट घालून, डोक्यावर झुंबर पेटवून बसले होते. आधी म्हणाले, देशात विजेच्या मागणीने सगळे विक्रम मोडले, अभिमानाची गोष्ट आहे. मग त्याच दमात म्हणाले, संध्याकाळच्या वेळी इतकी वीज पुरवणं अवघड झालंय, तेव्हा नागरिकांनी कृपा करून तिन्हीसांजेला दिवे कमी लावावेत. म्हणजे मागणी वाढली तर यांचं कर्तृत्व आणि वीज पुरली नाही तर आमचा दोष! त्याच मजकुराचा एक भला थोरला फलकही आमच्या चौकात लावलाय: ‘संध्याकाळी वीज वाचवा’. तो लोकांना नीट वाचता यावा म्हणून त्याच्यावर दोन्ही बाजूंनी झगझगीत दिवे सोडलेत. ते दिवसाही जळत असतात. मी दोनदा तुमच्या कचेरीत जाऊन सांगून आलो. तिथल्या बाई म्हणाल्या, फलकाला अजून स्मार्ट मीटर बसलेलं नाही, त्यामुळे तो जळतोय याची कंपनीकडे नोंद नाही. मी खिडकीकडे बोट दाखवलं. फलक तिथून दिसत होता. बाईंनी खिडकीकडे पाहिलं नाही, कॉम्प्युटरकडे पाहिलं. (चष्मा जवळचा होता हे खरं, पण इतकाही जवळचा नव्हता.)

तर सांगायचा मुद्दा, सगळ्या गल्लीत संध्याकाळी ज्याच्या घरातले दिवे बंद असतात असा नागरिक एकच आणि तो तुझा काका. आणि तुमच्या भरारी पथकाने छापा कोणावर घातला? माझ्यावर! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते मी आजवर नुसतं ऐकलं होतं.

मंगळवारी दुपारी मी एका चष्म्याची काच घासत बसलो होतो. (दुकान बंद केलं तरी जुनी गिऱ्हाइकं घरी येतात.) दारात तिघं. एक साहेब, एक शिडीवाला वायरमन आणि एक टॅब्लेटवाली मुलगी. साहेबांनी मला माझा आलेख दाखवला. लोकांचे आलेख म्हणे संध्याकाळी चढतात, माझा सहाच्या सुमाराला कड्यावरून उडी मारल्यासारखा खाली येतो आणि साडेनऊपर्यंत वर येत नाही. नुसता फ्रिज तेवढा धुगधुगतो. कॉम्प्युटरच्या मते असा आलेख फक्त वीजचोराचा असतो. मीटरला बगल देऊन कुठूनतरी वायर ओढली असणार. मी म्हटलं, अहो, तुमच्याच अध्यक्षांनी हात जोडून सांगितलं म्हणून दिवे बंद ठेवतो. त्यावर साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी फारच कच्ची थाप मारली. अध्यक्षांचं म्हणणं कोणी ऐकेल हे त्यांच्या खात्यातच कोणाला खरं वाटत नाही, त्याला मी काय करू?

मग झडती. कपाट सरकवलं, मोरीखाली वाकून पाहिलं, गच्चीवर गेले. एक संशयास्पद वायर सापडली, तिच्यावर माझे दोन बनियन वाळत होते. कपाटामागे माझा हरवलेला बारका पेचकस मिळाला, छाप्यातून झालेला फायदा तेवढाच. तोवर जिन्यात निम्मी गल्ली जमली होती. समोरचा इस्त्रीवाला, ज्याला मी आजवर तीन चष्मे निम्म्या दरात करून दिलेत, तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, चष्मेवाल्या काकांकडून अशी अपेक्षा नव्हती बुवा! मुंडकं पिरगाळावंसं वाटलं. आणि या सगळ्यात त्या साहेबांचा चष्मा! उजवी काडी सैल, सारखा नाकावर घसरतोय, आणि साहेब बोटाने वर ढकलून पुन्हा मला कायद्याचं कलम सांगतायत. मला शेवटी राहवेना. मी तो काढून घेतला आणि त्या सापडलेल्या पेचकसाने आवळायला बसलो. तेवढा वेळ साहेब माझ्या कपाटाला दम देत होते.

चष्मा नाकावर बसल्यावर त्यांनी विचारलं, संध्याकाळी तुम्ही असता कुठे? मी म्हटलं, घरात. अंधारात? अंधारात. करता काय? आता काय सांगायचं? मी म्हटलं, विचार करतो. त्या मुलीने ते तसंच्या तसं टॅब्लेटवर उतरवलं: ग्राहक अंधारात बसून विचार करतो. मग खात्री करायला संध्याकाळी वायरमनला माझ्याकडे ठेवलं. दिवे घालवून आम्ही दोघं समोरासमोर बसलो. मी विचार करत होतो, तो माझ्यावर लक्ष ठेवत होता. डास दोघांनाही चावत होते. जाताना म्हणाला, “काका, रोज असं बसत असाल ना, तर चोरी केलेली परवडली.”

इथवर ठीक होतं. पण कॉम्प्युटरने त्याच दुपारी आणखी एक शोध लावला होता. माझा आलेख ज्या क्षणी पडतो, त्याच सुमाराला बरोबर खालच्या मजल्यावरचा चढतो. खाली निवृत्त नर्सबाई राहतात. (सभ्य बाई आहेत. त्यांच्याविषयी अधिक लिहिण्यासारखं काही नाही.) तेव्हा आता कंपनीचं म्हणणं असं, की आम्ही दोघांनी मिळून जमिनीतून वायर काढली आहे आणि काहीतरी भानगड चालू आहे. त्यांनाही नोटीस आली. येत्या सोमवारी सुनावणी. दोन्ही आलेखांचा समाधानकारक लेखी खुलासा दिला नाही, तर दोन्ही घरांची वीज तोडणार. माझं एक वेळ राहू दे, मी अंधारात बसतो हे सरकारदरबारी नोंदलेलंच आहे. पण बाईंच्या फ्रिजमध्ये गल्लीतल्या म्हाताऱ्यांची इन्शुलिनची इंजेक्शनं असतात. तीस वर्षं लोकांची सेवा केलेल्या बाईला वीजचोर म्हणताना तुमच्या कॉम्प्युटरची जीभ कशी झडली नाही? माझा जीव नुसता जळतो आहे.

तेव्हा तू वरच्यांना खडसावून सांग, की मीटर स्मार्ट करून काय उपयोग, त्यापुढे बसणाऱ्यांनी थोडं तरी व्हावं. माणसाने वीज वाचवली तर त्याचा सत्कार करावा, निदान त्याचं कपाट पुन्हा जागेवर तरी लावावं. दादाला आणि वहिनींना नमस्कार. पिल्लाला पापा.

तुझा,
संतप्त काका

ता. क. वरचं पत्र पुन्हा वाचलं. अध्यक्षांच्या सांगण्यावरून मी दिवे बंद ठेवतो, हे तितकंसं खरं नाही. मी संध्याकाळी घरात नसतो. खाली असतो. बाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा चष्मा नीट बसला का ते पाहायला गेलो होतो, चार दिवस नंबर हलतो म्हणून पुन्हा गेलो, मग पेपर वाचून दाखवायला. आता त्यांना स्वतःला स्वच्छ वाचता येतं, पण पेपर मीच वाचतो. मोठा दिवा लागतो, पंखा लागतो, रेडिओ असतो, दोनदा चहा होतो. त्यांचा आलेख चढणारच. एकंदर हिशेब केलास तर दोन घरांऐवजी एकाच घरात दिवा जळतो, म्हणजे देशाची बचतच आहे.

आ. ता. क. साहेबांनी त्या दिवशी आणखी एक विचारलं होतं: खालच्या बाईंशी तुमचा काय संबंध? निम्मी गल्ली जिन्यात, इस्त्रीवाला कान टवकारून. मी म्हटलं, काहीच नाही हो, शेजारी. बाई तेव्हा चार पायऱ्या खाली उभ्या होत्या. त्या खाली गेल्या आणि दार लावून घेतलं. त्यानंतर मी रोज सहाला जातो, बेल वाजवतो आणि परत येतो. या आठवड्यातला माझा आलेख काढून पाहा. सहानंतर तो पडत नाही, कारण मी वर असतो आणि मला अंधारात बसवत नाही. कंपनीच्या दृष्टीने मी सुधारलो आहे. इतके वाईट दिवस मी आयुष्यात काढले नाहीत.

सगळ्यात शेवटचा ता. क. काम आहे ते हे. आज सकाळी सुनावणीचा खुलासा लिहिला. ‘वीज कोठेही चोरलेली नाही. मी रोज संध्याकाळी खालच्या मजल्यावर असतो, कारण मला तिथे बरं वाटतं. तिथेच कायम राहण्याचा विचार आहे.’ असा मजकूर. त्यांच्याही नावाने नोटीस आहे, तेव्हा त्यांनी आधी वाचावा म्हणून बाईंच्या दाराखालून आत सरकवला. दुपारपर्यंत काही हालचाल नाही. मी जिन्यातच बसून होतो. (इस्त्रीवाल्याने विचारलं, लाइट गेली का?) मग कागद दाराखालून परत आला. ‘विचार आहे’ यावर काट मारली होती आणि वर बाईंच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘ठरलं आहे’. खाली त्यांची सही.

तेव्हा सोमवारी मी तो कागद देतोच आहे, त्याची तू चिंता करू नकोस. दादाला मात्र तू सांग. माझ्या लग्नासाठी त्याने ऐन उमेदीत जोडे झिजवले आणि मी दर वेळी त्याला लग्न कसं निरर्थक आहे यावर तासभर ऐकवलं. आता तो जे हसेल ते मला इथवर ऐकू येईल. आणि वरचं मीटर बंद करण्याचा अर्ज कुठे मिळतो ते कळव. कारणाच्या रकान्यात काय लिहितात?