दोनदा आलेले साहेब

बाबा, आज शुक्रवार आहे. सकाळी पोळ्या लाटताना तुमची आठवण झाली. इथे आखातात, वादी अदाईच्या आपल्या भाड्याच्या घरात ओटा फार खाली होता, आई कायम वाकलेली असायची. असाच एक शुक्रवार होता. तुम्ही टेप घेऊन तिच्या कोपरापासून जमिनीपर्यंतचं माप घेताय, ती पिठाचे हात वर धरून उभी. "शिंप्यासारखं काय चाललंय हे?" ती विचारते. "पनवेलच्या घरात ओटा तुझ्या मापाचा करायचाय," तुम्ही म्हणता. रुवी भागातल्या एका कंपनीत तुम्ही ड्राफ्ट्समन. आयुष्यभर लोकांच्या बंगल्यांचे नकाशे काढलेत, तेव्हा पहिल्यांदाच स्वतःच्या घराचा काढत होता. टेबलावर झोपल्यासारखे वाकून, आणि मी जवळ गेले की पेन्सिल माझ्या हातात देऊन, "खिडकी तू काढ," म्हणायचात.

ते घर दाखवलं होतं साहेबांनी. मी नववीत होते. साहेब तिकडचे, आपल्या राज्यातले सत्तेतले पुढारी, इथल्या मराठी लोकांना मंडळाच्या हॉलमध्ये भेटायला आले होते. मराठी मंडळाचे सचिव तुम्ही, म्हणून त्यांची ओळख तुम्हीच करून दिलीत, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, थोडं अडखळत. घरकर्ज देणारी एक कंपनी निघाली होती. "तिच्या संचालकांत मी स्वतः आहे," साहेब म्हणाले, "आणि पाठीशी सरकार उभं आहे. परदेशात घाम गाळणाऱ्या माझ्या माणसाची एक वीटही बुडणार नाही." केवढ्या टाळ्या पडल्या. पण साहेब गेल्यावर लोक तुमच्याभोवती जमले. मत्रहच्या बाजारात कापडाचं दुकान असलेले रत्नागिरीचे चाचा म्हणाले, "तुम्ही घेताय ना? मग मीपण घेतो." अशी बरीच घरं तुमच्या शब्दावर ठरली.

पुढे तेलाचे भाव कोसळले, इथे कंपन्यांतून माणसं कमी व्हायला लागली, आणि तिकडून बातमी आली की कंपनी बुडाली. तिने बिल्डरांना मागतील तशी कर्जं दिली होती. आपलं घर ज्यात होणार होतं ती इमारत खांबांवरच थांबली, भरलेले पैसे अडकले. सरकारने सांगितलं, पाठबळ म्हणजे हमी नव्हे. तुम्ही ती बातमी पुन्हा पुन्हा वाचलीत आणि आईकडे फक्त चहा मागितलात.

मग साहेब पुन्हा आले. त्याच हॉलमध्ये, नव्या पक्षाचा पट्टा गळ्यात घालून. आता ते त्या कंपनीवर तुटून पडत होते. "गरिबाच्या घरावर दरोडा घातलाय यांनी. हे सरकारी आशीर्वादाचे लुटारू आहेत." आपण मागच्या रांगेत बसलो होतो. तुम्ही कधी उठलात ते मला कळलंच नाही. "साहेब," तुमचा आवाज नेहमीसारखाच हळू होता, "मागच्या वेळी तुमची ओळख मी करून दिली होती. तेव्हा तुम्ही त्या कंपनीचे संचालक होता. आज तुमची ओळख काय म्हणून करून द्यायची?"

  साहेब स्टेजवरून खाली उतरले, चालत तुमच्यापर्यंत आले आणि त्यांनी तुम्हाला मिठी मारली. "बघा," ते हातातल्या माईकवर म्हणाले, "अशा साध्यासरळ माणसांना फसवलंय त्यांनी. काका, तुमची लढाई आता माझी." पुन्हा टाळ्या पडल्या. फोटो निघाले. त्यात तुमचे हात खाली लोंबताहेत, आणि तुम्ही कुणीतरी रस्ता विचारावा तसे गोंधळून पाहताय.

गाडीत तुम्ही एवढंच म्हणालात, "भला माणूस वाटावा असं जवळ घेतलं गं त्याने."

त्यानंतरचे शुक्रवार तुम्ही लोकांच्या घरी जाण्यात घालवलेत. कधी अल खौद, कधी मत्रह. मी बरोबर यायचे. प्रत्येक ठिकाणी चप्पल काढून दारातच म्हणायचात, "माझ्या शब्दावर तुम्ही घर घेतलंत. मला माफ करा." कुणी आत बोलावलं, कुणी नाही. चाचांनी हात धरून बसवलं. "तुम्ही कशाला माफी मागता? ज्याने मागायची तो टाळ्या घेऊन गेला." तुम्ही तिथे रडलात. चाचा उठून दुकानाचं शटर अर्धं ओढून आले, गिऱ्हाइकांना तुम्ही दिसू नये म्हणून.

तुम्ही इथेच गेलात, त्याच भाड्याच्या घरातून. आई म्हणते, त्या मिठीने तुम्हाला संपवलं. असेलही. मला मात्र नंतरचे तुम्हीच जास्त आठवता. कंपनीच्या बसमधून उतरून रस्ता ओलांडणारे. खजूर खिशात घालून आणणारे. माझ्या कॉलेजच्या ड्रॉइंगवर वाकून, "जिन्याला डोकं आपटेल बघ," म्हणणारे. आता मीही लोकांची घरं काढते, आणि कुणी अर्बाब, म्हणजे इथला मालक, जिना बदला म्हणाला की दाखवायला तुम्ही नसता.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहून ठेवते. पनवेलचं घर झालं की आई आणि मी तिकडे राहायचं, आणि तुम्ही इथे एकट्याने नोकरी करायची, असं तुम्ही दोघांनी ठरवलं होतं. मी ते पडद्याआडून ऐकलं होतं. इमारत थांबली ही बातमी आली, तेव्हा आई रडत होती, तुम्ही भिंतीकडे तोंड करून बसला होता, आणि मी मोरीत जाऊन दार लावून घेतलं. तुम्हाला वाटलं, मीही रडतेय. बाबा, मला आनंद झाला होता.