कृष्णराजांच्या खोलीत लिहिलेलं मृत्युपत्र मी रद्द करते

मी, मल्लम्मा वीरप्पा बिराजदार, वय ६४, निवृत्त परिचारिका, राहणार मुरुम, ता. उमरगा, हे मृत्युपत्र माझ्या घरी, माझ्या हातानं लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. धाराशिवच्या मानसोपचार तज्ज्ञांचा चार दिवसांपूर्वीचा दाखला जोडला आहे. तो का लागला, ते पुढं येईल.

१. दिनांक १४ ऑगस्ट २०२४ रोजी मी घर आणि ठेवी उमरग्यातल्या एका समुपदेशन केंद्राच्या नावे लिहून दिल्या होत्या. ते मृत्युपत्र रद्द समजावं. केंद्र चालवणारे कृष्णराज देशमाने यांच्या खोलीत, ते सांगतील तसं मी लिहिलं. दोन्ही साक्षीदार त्यांच्याच पगारावरचे होते.

२. मुरुममधलं राहतं घर माझी एकुलती एक मुलगी मोनिका हिला द्यावं. २०२१ साली यजमान गेले. माझी झोप उडाली, म्हणून मी कृष्णराजांकडं जाऊ लागले. पहिल्या महिन्यात झोप लागली, हे मान्य करते. यजमान हात उगारायचे, हे मी सख्ख्या बहिणीलाही कधी सांगितलं नव्हतं, त्यांना सांगितलं. मग त्यांनी एक दिवस ठरवलं, "अक्का, तुमच्या आजाराचं मूळ मोनिका आहे." काय बोलायचं ते कागदावर लिहून दिलं आणि फोन लावायला लावला. मी वाचलं, "मोनिका, आजपासून तू मला मेलीस."

ती म्हणाली, "अव्वा, तुझ्याशेजारी कोण बसलंय?"

कृष्णराजांनी नुसती मान हलवली. मी फोन बंद केला. त्याला तीन वर्षं झाली. नंबर पाठ आहे, लावायचं धैर्य होत नाही. मोनिका, तुझं बरोबर होतं.

३. ठेवी आणि दागिने मोनिकाचेच. बीपीचं मशीन आणि बाळाचा वजनकाटा गावची आशा सेविका तरन्नुम मुलाणी हिला द्यावा. बाळंतिणीवर ती कधी खेकसत नाही. मी खेकसायचे.

४. केंद्राच्या बाकावर माझ्याशेजारी गुंडाप्पा मास्तर बसायचे. एकटा जीव. यंदा २ मार्चला त्यांनी आपलं घर केंद्राला लिहून दिलं. २७ मार्चला ते स्वतःच्या शेतातल्या विहिरीत सापडले. मी कुणावर आरोप करत नाही, दोन तारखा लिहिते. त्यांच्या दारावर केंद्राचा फलक लागलेला पाहिला.

तरी सप्टेंबरपर्यंत मी दर गुरुवारी जात राहिले. न जाण्याचीही भीती वाटायची. शेवटी मी म्हणाले, "मला मृत्युपत्र बदलायचंय."

कृष्णराजांनी उठून दार लावलं. आवाज एरवीसारखाच मऊ होता. "अक्का, तुम्हाला भास होतात, असं मी तीन वर्षं फाईलमध्ये लिहून ठेवलंय. तुमचं कोण ऐकणार?"

मला भास कधीच झाले नाहीत. ती फाईल मोनिकानं मागून घ्यावी. वाचायची की नाही, तिनं ठरवावं.

५. माझा मृत्यू कसाही झाला तरी शवविच्छेदनाआधी मला पुरू नये. बत्तीस वर्षं दवाखान्यात काढली आहेत. देह काय सांगतो ते मला ठाऊक आहे. माझ्या घरी झोपेच्या गोळ्या नाहीत. मी विहिरीकडं जात नाही. आणि मला जगायचं आहे.

६. या तारखेनंतरचं माझ्या सहीचं दुसरं मृत्युपत्र निघालं, तर ते माझ्या मर्जीचं नाही.

७. हे कलम आत्ता वाढवते आहे. आज सकाळी कृष्णराजांचा फोन आला. "अक्का, आज नवा कागद करताय म्हणे. गुरुवारी या, निवांत बोलू."

मी म्हणाले, "येणार नाही." चार वर्षांत त्यांना पहिल्यांदा नाही म्हटलं. ते हसले आणि म्हणाले, "मग मीच येतो."

या कागदाबद्दल मी खालच्या दोघा साक्षीदारांखेरीज कुणालाही, दाखला देणाऱ्या तज्ज्ञांनाही, सांगितलं नव्हतं. दोघंही आत्ता माझ्यासमोर बसले आहेत. विचारायची हिंमत झाली नाही. नावं बदलत नाही. तिसरं माणूस माझ्याकडं उरलेलं नाही.

सही: मल्लम्मा वीरप्पा बिराजदार

आमच्यादेखत सही झाली:
१. फातिमाबी हनीफ तांबोळी, शेजारी, शिवणकाम
२. डॉ. नंदीश स्वामी, मुरुम

मुरुम, ता. उमरगा, जि. धाराशिव
सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५