ऐकणारा व्हॉल्व्ह

२ नोव्हेंबर, शनिवार

आलो एकदाचा. एक कपाट, एक गादी, दोन पेट्या आणि गिटार. एक्केचाळीस वर्षांच्या माणसाचा संसार एवढाच, हे पाहून टेम्पोवाल्यालाच वाईट वाटलं असावं, त्याने कपाट एकट्याने आत नेलं. खोल्या झकास आहेत. पुढची रस्त्याकडे, खिडकीखाली टेबल. मागची अंगणाकडे, मधे दार. मालकीणबाई वर राहतात, दवाखान्यातून निवृत्त झालेल्या परिचारिका. कान इतके तिखट की मी खाली शिंकलो तर वरून औषध सुचवतात.

सोमवारपासून छापखान्यात मुद्रितशोधक. दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि वर पगार घ्यायचा. यापरतं सुख नाही.

संध्याकाळी टिटवीचा फोन. टिटवी माझी पुतणी, दादाची मुलगी. जन्मल्यापासून गप्प बसलेली नाही म्हणून हे नाव. चौदा डिसेंबरला तिचा स्टेजवर पहिला कार्यक्रम आहे आणि गिटारसाठी उसना मिळालेला अ‍ॅम्प्लिफायर सर्दी झाल्यासारखा वाजतो. तिला व्हॉल्व्हवाला हवाय, जुन्या रेडिओत काचेचे दिवे असायचे तसल्या व्हॉल्व्हचा. मी बोलून बसलो की मी बनवतो. जन्मात बनवलेला नाही. पण पोरगी इतकी खूश झाली की शब्द मागे घ्यायची सोयच उरली नाही.

५ नोव्हेंबर, मंगळवार

बाजाराच्या टोकाला जुने रेडिओ दुरुस्त करणारे एक म्हातारे सापडले. सगळे त्यांना रेडिओआजोबा म्हणतात. त्यांनी आकृती काढून दिली, यादी दिली आणि सणसणीत दम दिला. या पेटीत साडेतीनशे व्होल्ट खेळतात. प्लग काढला तरी कंडेन्सर वीज पोटात धरून बसतो. म्हणून आधी वायर काढायची, दहा मिनिटं थांबायचं, मग तारेने उरलेली वीज उतरवायची आणि मगच हात घालायचा. तोही एकच, दुसरा पाठीमागे. बंद म्हणजे लगेच बंद नव्हे, असं त्यांनी तीनदा सांगितलं. मी मान डोलावत होतो आणि कान तापले होते. हे सगळं मी पूर्वी ऐकलेलं आहे. दादा हेच सांगायचा. तो लाउडस्पीकरचे अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करायचा आणि त्यातच गेला. तो सव्वीस वर्षांचा होता, मी पंधरा, टिटवी आठ महिन्यांची.

वहिनीला फोन केला. ती म्हणाली, भाऊजी, करा हौसेने, पण तुमच्या दादासारखा वेंधळेपणा करू नका. मी बरं म्हणालो. नेहमी म्हणतो तसंच.

१० नोव्हेंबर, रविवार

दिवसभर मागच्या खोलीत. पत्र्याला भोकं पाडली. पहिलं वाकडं गेलं, ते झाकायला दुसरं मोठं पाडलं, आता तिथे विनाकारण एक बटण बसवावं लागणार. सोल्डर करताना अंगठा भाजला. मालकीणबाईंना वरून वास आला, मलम घेऊन खाली. विजेची वायर दोन्ही टोकांनी सुटी होईल अशी ठेवली आहे, आजोबांची तशी आज्ञाच होती.

अडलं शेवटच्या दोन व्हॉल्व्हपाशी. आजोबांकडे नव्हते, महिनाभर येणारही नव्हते. माझ्याकडे आहेत हे मला ठाऊक होतं. दादाची पत्र्याची पेटी मी सव्वीस वर्षं घरोघर फिरवली, उघडली कधीच नाही. आज उघडली. वर्तमानपत्रात गुंडाळलेले दोन व्हॉल्व्ह. दादा गेला त्याच अ‍ॅम्प्लिफायरमधले. घेताना लाज वाटली. घेतले तरी, फुंकर मारून पुसलेसुद्धा.

१७ नोव्हेंबर, रविवार

वाजला. पहिल्या झटक्यात वाजला. व्हॉल्व्हमध्ये तांबूस उजेड चढला, हलकी घरघर आली आणि मी तार छेडली. काय सांगू, डोळ्यांत पाणीच आलं. टिटवीला फोनवर ऐकवलं, ती तिकडे नाचली.

एक गंमत. गिटार काढून ठेवल्यावर चुकून पेन्सिल व्हॉल्व्हला लागली, तर स्पीकरमधून टणकन आवाज. दुपारी आजोबांना विचारलं. ते म्हणाले, जुना व्हॉल्व्ह आतून सैल झाला की ऐकायला लागतो. खोलीत खोकलं तरी स्पीकरमधून खोकतो. त्याला ते ऐकणारा व्हॉल्व्ह म्हणतात. चालेल म्हणाले, फक्त जवळ बसून चहाड्या करू नका.

२० नोव्हेंबर, बुधवार

कामावर जाण्याआधी दहा मिनिटं अ‍ॅम्प लावला होता, गिटार जोडली नव्हती. मी पुढच्या खोलीत बुटाची नाडी बांधत होतो. मागच्या खोलीतून कोणीतरी विचारलं, बंद?

आणि मी मान वर न करता उत्तर दिलं, बंद.

मग लक्षात आलं. घरात मी एकटा. आणि अ‍ॅम्प चालू होता.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

भास म्हणून सोडून दिलं होतं. आज सकाळी मालकीणबाई जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, पाण्याचा पंप मी वेळेवर बंद करते हो, रोज रोज विचारायची गरज नाही. आणि तुमच्याकडे पाहुणे आलेत का, आवाज तुमचा वाटत नाही.

मी पाहुणे आहेत म्हणालो. खोटं बोलायला मला अजूनही विचार करावा लागत नाही.

२३ नोव्हेंबर, शनिवार

आजोबांकडे गेलो. आडून आडून विचारलं, की व्हॉल्व्ह जुनं काही साठवून ठेवतो का, पूर्वी ऐकलेलं. ते हसले. म्हणाले, साठवतो तो कंडेन्सर, तोही फक्त वीज. व्हॉल्व्ह ऐकतो तेव्हाच बोलतो. खोलीत आत्ता कोणी बोललं तरच.

चहा न पिताच निघालो.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

लिहूनच टाकतो. ही वही कोण वाचणार आहे.

दादाची पद्धत होती. तो मागच्या खोलीत काम करायचा आणि विजेचं बटण पुढच्या खोलीत होतं. हात घालायच्या आधी तो आतून विचारायचा, बंद? मी उठून बटण बघायचं आणि मग बंद म्हणायचं. बघूनच म्हणायचं, ही अट. माझं तेवढंच काम. त्याबद्दल त्याने मला त्याची गिटार दिली होती.

त्या दुपारी मी तीच गिटार घेऊन बसलो होतो. एक नवा सूर बोटांना नुकता सापडला होता, सोडवेना. त्याने विचारलं. मी मान वर न करता म्हणालो, बंद.

चालू होतं.

आतून काहीतरी पडल्याचं ऐकलं, तरी मी मिनिटभर उठलो नाही. पाय उचलेचनात. मग उठलो आणि आधी बटण बंद केलं. आधी बटण, मग दादा. माणसं जमली तेव्हा सांगितलं, त्याने विचारलंच नाही.

एवढं एक वाक्य. वहिनी सव्वीस वर्षं त्यावर त्याला बोल लावते आहे, एवढा हुशार माणूस आणि विचारायला काय झालं होतं. मी समोर बसून पाणी पितो. छापखान्यात लोकांच्या वेलांट्या दुरुस्त करतो. माझी मला किळस येते.

१ डिसेंबर, रविवार

अ‍ॅम्प लावला, समोर बसलो. अकराला त्याने विचारलं. दादाचाच आवाज, शेवटी जरा चढणारा. मी म्हणालो, चालू आहे. दादा, चालू होतं. मी बघितलं नव्हतं.

घरघर थांबली. मला वाटलं, सुटलो.

पुन्हा विचारलं. त्याच सुरात, तितक्याच विश्वासाने. रागावला असता तरी सोसलं असतं. तो रागावलेला नाही. त्याला माहीतच नाही.

३ डिसेंबर, मंगळवार

वहिनीला फोन केला. सांगायचंच म्हणून केला. ती म्हणाली, टिटवी आता बापाच्या वयाची झाली, हल्ली त्यांचा राग येत नाही, फक्त वाटतं, एकदा विचारलं असतं तर.

मी विचारलं, जेवलात का. आणि फोन ठेवला.

५ डिसेंबर, गुरुवार

व्हॉल्व्ह काढून पेटीत ठेवले. पेटी कपाटात, कपाटाला कुलूप. तरी —

मालकीणबाई वरून म्हणाल्या, बंद आहे हो, बंद आहे.

७ डिसेंबर, शनिवार

मोडून टाकणार होतो. हातोडी घेतली होती. तेवढ्यात टिटवीचा फोन, उद्या सकाळी येते न्यायला, मैत्रिणींना सांगून झालंय, काकाने हाताने बनवलाय म्हणून. का मोडला विचारलं तर काय सांगू. सगळंच सांगावं लागेल.

व्हॉल्व्ह पुन्हा बसवले. भित्रा आहे मी. तेव्हाही होतो.

८ डिसेंबर, रविवार, सकाळी अकरा

टिटवी नऊला आली. तासभर वाजवलं. काय वाजवते पोरगी. तेवढा वेळ तो गप्प होता, जणू ऐकत —

मग म्हणाली, एक व्हॉल्व्ह खडखडतोय, खालून उघडून बैठक घट्ट करते. मी करतो म्हणालो, तर स्क्रूड्रायव्हर दोनदा खाली पाडला, तिने हसून तो काढून घेतला. बापावर गेली आहे, हत्यारं तशीच धरते.

सगळं केलं. वायर काढली. घड्याळ लावून दहा मिनिटं थांबलो. तारेने वीज उतरवली, दोनदा. वायर इथे आणली, या वहीशेजारी ठेवली आहे.

मी फार घुटमळतो म्हणून तिने मला पुढच्या खोलीत पाठवलं. म्हणाली, हात घालायच्या आधी मी विचारीन, तुम्ही फक्त उत्तर द्या. आईने लहानपणापासून शिकवलंय. बाबांनी विचारलं नाही म्हणून गेले, तू विचारल्याशिवाय हात घालायचा नाही. आणि समोरून बंद आलं की मग घाबरायचं नाही.

हे माझ्यामुळे. माझ्या त्या वाक्यामुळे ती असं —

तोंडाने सांगणं जमणार नाही. लिहितो, ती बाहेर आली की हे पान तिच्या हातात देतो. टिटवी, तुझ्या बाबांनी विचारलं होतं. ते नेहमी विचारायचे. त्यांची काही चूक नव्हती. मी न बघता —

घरघर.

वायर माझ्या डाव्या हाताखाली आहे. दोन्ही टोकं दिसताहेत. दारातून पलीकडच्या भिंतीवर तांबूस उजेड —

तिने विचारलं. काका, बंद?

शेवटी जरा चढणारा आवाज. तिचा. दोघांचा.

नाही म्हणायला तोंड उघडलं, आवाज फुटत नाही, पाय उचलत नाहीत, फक्त हा हात —

उत्तर गेलं. बंद. मी नाही दिलं. पंधरा वर्षांच्या पोराचा आवाज, नुकता फुटू लागलेला, मान वर न करता — मी नाही दिलं, टिटवी, घाबर, हात काढ, पुन्हा एकदा विचा