तळ्याभोवती सहा दिवस

३ जानेवारी
ठरलं. सहा दिवसांच्या शर्यतीत नाव दिलं. तळ्याभोवती एक किलोमीटरचा फेरा, सहा दिवसांत जमतील तेवढे मारायचे. दादाने तीनदा केली होती ही शर्यत. त्याचा बेस्ट ६१२ किलोमीटर. माझं टार्गेट ६१३. दादाला जाऊन आठ महिने झाले, पण त्याचा याच्याशी काही संबंध नाही. मी हे तब्येतीसाठी करतोय.
बायको म्हणाली, तुम्ही कोपऱ्यावरच्या दुकानात स्कूटरने जाता. उत्तर दिलं नाही. एनर्जी वाचवणं हाही ट्रेनिंगचाच भाग.

९ जानेवारी
वहिनींकडून दादाची वही आणली. कामगिरी कशावर ठरते ते त्याने लिहून ठेवलंय. सावकाश सुरुवात, झोप, पोट, पाय, अनुभव. वय जास्त असलं तरी बिघडत नाही, असंही. म्हणजे पन्नाशी माझ्या बाजूने. अनुभव मला नाही, पण दादाला होता. घरातल्या घरात चालून जाईल.
वही देताना वहिनींनी विचारलं, भाऊजी, झोप लागते ना? उत्तम लागते, म्हटलं. रोज दोनला उठतो, पण ते पाणी प्यायला.

२७ जानेवारी
पहाटे पळायचं राहिलं. हरकत नाही. चष्म्याच्या दुकानात दिवसभर काचा घासत उभा असतो, पाय तयारच आहेत.

१२ फेब्रुवारी, सकाळी ११
दहाला सुरू. पहिला तासभर मी सगळ्यांच्या पुढे! सावकाश सुरुवात वगैरे दादाच्या वेळचं.

१२ फेब्रुवारी, संध्याकाळ
५८ किलोमीटर. फोड एक. बायको व्हॅसलिन घेऊन मागे लागली. नको म्हटलं.

१३ फेब्रुवारी
फोड मोजणं बंद केलं. पोटात काही ठरत नाही. काल ज्या रिटायर्ड शिक्षिकेला अकरा वेळा मागे टाकलं, ती आज गुणगुणत पुढे गेली. झोप चाळीस मिनिटं. शर्यतीत येऊन झोपा काढणं मला पटत नाही.

१४ फेब्रुवारी, दुपारी ३
पुढे एक माणूस चालतोय. राखाडी स्वेटर, डावा खांदा जरा उतरता. मी वेग वाढवला की तोही वाढवतो. थांबलो, तो थांबला. फेरे मोजणाऱ्या बाईंना विचारलं, हा पुढचा कितव्या नंबरवर आहे? म्हणाल्या, तुमच्या पुढे कोणीच नाही.
क्षणभर वाटलं, मी पहिला आलो.

१५ फेब्रुवारी
दादाच आहे. शर्यतीच्या डॉक्टरांना सहज विचारलं, एका मित्राचं म्हणून. म्हणाले, मित्राला झोपायला सांगा, पोटभर झोप झाली की दिसायचं बंद होईल. भूत वगैरे मी मानत नाही. पण तंबूत गेलो तर हा खाटेवर पाय सोडून बसलेला. झोपणार कुठे? परत रस्त्यावर.

१६ फेब्रुवारी, दुपार
आता शेजारून चालतो. बोलत नाही. शेवटी मीच बोललो. म्हटलं, दादा, तू हॉस्पिटलमधून फोन केलास, ये म्हणालास, तेव्हा दुकानात खरंच गर्दी होती. रविवारी येणारच होतो. तू शनिवारी गेलास, यात माझी काय चूक?
दोन फेरे झाले. मग म्हटलं, गर्दी नव्हती. दोनच गिऱ्हाइकं होती. तुला नळ्या लावलेलं बघायची भीती वाटत होती मला.
दादाने माझ्या पायांकडे बघितलं. म्हणाला, "व्हॅसलिन लाव."
लावलं.

१६ फेब्रुवारी, संध्याकाळ
सहा-सहा तासांनी फेऱ्याची दिशा बदलतात. दादा वळला नाही, म्हणून मीही नाही. नऊ फेरे बाद झाले.
वहिनी आल्या. दादा दिसतो, हे त्यांना सांगून टाकलं. हसतील वाटलं होतं. त्यांनी विचारलं, "फार बारीक दिसतात का?" म्हटलं, नाही, पहिल्यासारखाच. त्या माझ्याबरोबर एक फेरा चालल्या. मधे एका माणसाची जागा सोडून. जाताना म्हणाल्या, भाऊजी, झोपा आता.

१७ फेब्रुवारी, दुपारी ४
झोपायचं नाही. ६१३ राहू दे. फक्त उद्या दहापर्यंत दादाबरोबर चालायचं. विचारायचं बरंच आहे. कडक चहा, थंड पाणी, सगळी तयारी आहे. बायको म्हणते, पाच मिनिटं बसा, बूट सैल करते. पाच मिनिटांनी काय होतंय?

१८ फेब्रुवारी, दुपारी १
एकोणीस तास झोपलो. जाग आली तेव्हा शेजारचे तंबू उतरवत होते. एकूण २३८ किलोमीटर, शेवटून पहिला. बायकोवर ओरडलो, उठवलं का नाहीस? म्हणाली, उठवत होते, पण तुम्ही इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच घोरत होतात.
पाय मोकळे करायचे म्हणून एक फेरा मारला. मोजणाऱ्या बाई टेबल मिटत होत्या. म्हणाल्या, हा धरला जाणार नाही हं. म्हटलं, माहीत आहे. अगदी हळू चाललो. दोनदा थांबलो, मागे वळून बघितलं. झाडू मारणारा एक माणूस होता, बस.
बायकोने विचारलं, बरं वाटतंय का? म्हटलं, एकदम फ्रेश.